चंद्रोदयाच्या रकान्यातली रेघ

नॉर्वेला जाताना माझ्या शेजारणीने सामानात काय काय भरलं होतं त्याची यादी मला अजून पाठ आहे, आणि चार माणसं जमली की मी ती म्हणून दाखवते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, ओवा, जुन्या सुती साड्यांची सात दुपटी आणि गुटी उगाळायची सहाण. सहाण म्हणजे शेवटी दगडच. विमानतळावरच्या तपासनिसाने तो दगड हातात तोलून बघितला, साहेबाला बोलावलं, साहेबाने मला विचारलं हे काय आहे, आणि मी तिथल्या तिथे बाळाला मांडीवर घेऊन गुटी कशी चाटवतात याचा प्रयोग करून दाखवला. मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. त्या सगळ्या गोंधळात तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं कॅलेंडरचं एक पान कुणाच्या नजरेला पडलं नाही. खरं घातपाताचं सामान ते होतं.

आम्ही दोघी कल्याणला एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. बावीस वर्षं झाली. तिची मुलगी लग्न होऊन नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला गेली, तिथे तिला दिवस गेले, आणि बाळंतपणाला आईला बोलावणं आलं. नवऱ्याचे गुडघे गेलेले, ते काही येऊ शकत नव्हते. एकटीने जायचं म्हटल्यावर हिची पाचावर धारण बसली. मी नुकतीच कचेरीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, इंग्रजी मला बरं येतं, आणि फुकट तमाशा बघायला मी कुठेही जाते. मुलगी मला मावशी म्हणते. तिनेच फोनवर सांगितलं, मावशी, तू ये, नाहीतर आई माझ्या आधी बाळंत होईल.

आता त्या पानाविषयी. ही मुलगी व्हायच्या आधी शेजारणीची दोन मुलं गेली होती. तिसरी ही, सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवलेली, तळहाताएवढी. त्या वेळी ही टिटवाळ्याला सासरी राहायची. तिने तिथल्या गणपतीपुढे पदर पसरला आणि सांगितलं, ही जगली तर जन्मभर संकष्टी करीन, चंद्र बघितल्याशिवाय अन्नाचा कण घेणार नाही. पोरगी जगली. तेव्हापासून एकतीस वर्षांत हिची एक संकष्टी चुकलेली नाही. साबुदाणाही नाही, वरीही नाही. फक्त चहा आणि पाणी. चहाला देवाची हरकत नसते असं तिचं मत होतं, आणि देवाने तरी काही कळवलेलं नव्हतं. ते पान जूनचं होतं. संकष्टीच्या चौकोनाला तिने लाल पेनाने गोल केला होता.

आमच्याकडे उपास नाहीत. माझी आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायची आणि आल्यावर आम्हाला खीर मिळायची. त्यामुळे धर्म म्हणजे पोट भरणं, अशी माझी लहानपणापासून समजूत. मी तिला बावीस वर्षं चिडवत आले. संकष्टीच्या संध्याकाळी मुद्दाम दार उघडं ठेवून भजी तळायची मी. ती समोरून यायची, कढईत डोकावायची, सोडा जास्त झालाय असं सांगून जायची. अशी आमची मैत्री.

तिकडे पोचलो तेव्हा जावई अर्धी चड्डी घालून घ्यायला आलेला आणि उन्हाळा आला, उन्हाळा आला म्हणून खूश होता. आम्ही दोघींनी स्वेटरवर स्वेटर चढवले होते. त्या उन्हाळ्यात पाऊस आडवा पडतो. वारा असा, की बोललेलं वाक्य समोरच्याच्या ऐवजी तिसऱ्याच माणसाला ऐकू जातं. आणि सूर्य मावळत नाही. रात्री अकराला तो समोरच्या डोंगरावर असा बसलेला असतो जसा एखादा पाहुणा, आता निघतो म्हणत चप्पल शोधत बसतो आणि निघत नाही. पहिल्या दिवशी मजा वाटली. तिसऱ्या दिवशी आम्ही खिडक्यांना चादरी ठोकल्या. शेजारणीला प्रश्न पडला की तिन्हीसांजेचा दिवा लावायचा कधी. मी म्हटलं, घड्याळ बघ आणि सातला लाव. ते तिला पटलं. मला वाटलं, सुटला प्रश्न.

आठवड्याभरात मुलीला आम्ही दोघी स्वयंपाकघरात नकोशा झालो. तिने गोड बोलून आमची दोन दिवसांची सहल ठरवली. जावयाने बसची, फेरीबोटीची तिकिटं काढली, एका बेटावर कोळ्यांच्या जुन्या लाकडी खोल्या भाड्याने मिळतात त्यातली एक घेतली. दुसरा दिवस संकष्टीचा येत होता. शेजारीण म्हणाली, चालेल की, परतीच्या वाटेवर समुद्रावर आकाश मोकळं असेल, चंद्र लवकर दिसेल. निघायच्या आदल्या दिवशी तिने लेकीच्या विजेच्या शेगडीशी उभं राहून एकवीस तळणीचे मोदक केले आणि स्टीलच्या डब्यात भरून घेतले. लेकीने आईकडून एकच वचन घेतलं: साखरेची गोळी चुकवायची नाही. शेजारणीला साखर आहे. गोळी रोज सकाळी. तिने लेकीच्या पोटावर हात ठेवून वचन दिलं.

म्हणजे एक वचन देवाला, की खाणार नाही. दुसरं वचन लेकीला, की गोळी घेणार. दोन्ही ती प्राणपणाने पाळणारी. पण गोळी घेऊन उपाशी राहिलं की काय होतं, हे त्या दिवशी तिच्याही डोक्यात नव्हतं आणि माझ्याही. कल्याणला रात्री साडेनऊ-दहाला चंद्र उगवायचा आणि ती जेवायची. तेवढं शरीर सोसत होतं.

बेटावर पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी घेतली, चहा घेतला, आणि आम्ही परतीची बोट पकडायला धक्क्यावर गेलो. बोट रद्द. वारा वाढलेला. दुपारची रद्द, संध्याकाळचीही रद्द. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत गाडी रद्द झाली तर निदान भांडायला खिडकी असते, खिडकीत एक माणूस असतो, त्याच्यावर ओरडून रक्त वाहतं राहतं. इथे एका खांबावर विजेवरची पाटी होती. पाटीवर लाल अक्षरं आली आणि गेली. मी पाटीशी भांडले, पण मजा आली नाही. खोल्यांची मालकीण सत्तरीची, उंच, कमी बोलणारी. तिने न विचारता किल्ली परत हातात दिली.

संध्याकाळी मी सहज म्हणून मालकिणीला विचारलं, इथे चंद्र किती वाजता उगवतो. ती हसली. म्हणाली, चंद्र हिवाळ्यात. तेव्हा तो दिवसभर असतो, जातच नाही. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपास इथे चंद्र नसतो. क्षितिजाच्या खालीच फिरतो.

मला वाटलं चेष्टा करतेय. मी फोनवर शोधलं. सूर्योदय: रेघ. सूर्यास्त: रेघ. चंद्रोदय: रेघ. उद्याचं पान उघडलं, रेघ. परवाचं, रेघ. तीन दिवस रेघ. चौथ्या दिवशी पहाटे चारला कुठे आकडा आला. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, जणू त्याने काही अचकटविचकट दाखवलं होतं.

शेजारणीला सांगितलं तेव्हा तिने आधी कॅलेंडरचं पान काढलं. मागच्या बाजूला गावोगावच्या चंद्रोदयाची यादी होती. मुंबई, ठाणे, कल्याण, नगर, सावंतवाडी. ती बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. हे बेट त्यात नव्हतं.

मी म्हटलं, कल्याणची वेळ घे आणि मोकळी हो. टिटवाळ्याच्या दिराला फोन लावला. तिकडे दहा वाजून गेलेले, पाऊस धो धो, पण कॅलेंडरप्रमाणे चंद्र उगवलेला. दिराने फोन खिडकीबाहेर धरून काळं आकाश दाखवलं. मी म्हटलं, बघ, तुझ्या गणपतीच्या डोक्यावरचं आकाश आहे, आणखी काय पाहिजे.

ती शांतपणे म्हणाली, "उपास पोटाला असतो. पोट जिथे, तिथला चंद्र."

मी म्हटलं, दिवा घड्याळावर लावतेस, मग चंद्रही घड्याळावर घे.

"दिवा मी लावते. चंद्र मी लावत नाही."

कल्याणच्या गुरुजींना झोपेतून उठवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की चंद्रोदय मिळतच नसेल तर सूर्यास्तानंतर अमुक इतका काळ मोजावा आणि पारणं करावं. मी खिडकीतून बघितलं. सूर्य डोंगरावर बसून चप्पल शोधत होता. गुरुजींना सांगितलं की तोही मावळत नाही. पलीकडे पंचांगाची पानं उलटण्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, तुम्ही त्या देशात गेलातच कशाला.

मी तिला विनवलं. रागावले. एकतीस वर्षांत एक दिवस इकडेतिकडे झाला तर तो गणपती काय तलाठी आहे का, असंही बोलून गेले. तिने आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली की पोरीला नववा लागतोय. एकतीस वर्षं मी पाळलं, ती जगली. आत्ता, या महिन्यात मी मोडायचं? तू तिच्या जागी असतीस तर आईला मोड म्हणाली असतीस का? आणि लेकीला यातलं अवाक्षरही कळता कामा नये, अशी शपथ घातली.

आता माझ्यापुढे एकच रस्ता उरला. मी सत्तावीस वर्षं कचेरीच्या नाट्यस्पर्धेत कामं केलेली बाई आहे. खोटं बोलणं ही माझी कला आहे.

रात्री साडेअकराला ढग थोडे पातळ झाले आणि मला देवानेच, कुठल्या ते विचारू नका, नेपथ्य पुरवलं. ढगाच्या झिरझिरीत पडद्याआड सूर्य पांढरा पडला होता. किरणं नाहीत, झळाळी नाही, डोळे न मिटता बघता येईल अशी फिकट गोल चकती. हुबेहूब चंद्र. मी धावत आत गेले, तिला हलवून उठवलं, फोन चुकीचा होता म्हणून सांगितलं, आवाजात कंप आणला, तिला शाल पांघरून बाहेर ओढलं आणि बोट करून दाखवलं. बघ. उगवला.

ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण जे उमटलं ते बघून मला स्वतःचा अभिमान वाटला. तिने हात जोडायला उचलले. मग खाली घेतले.

"चतुर्थीचा चंद्र एवढा गोल नसतो," ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटले, की ढगामुळे तसं वाटतं. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला माझी कीव आली होती. एकतीस वर्षं, दर महिन्याला, भुकेल्या पोटी तिने तो चंद्र बघितला होता. त्याची कुठली बाजू किती झिजलेली असते हे तिला लेकीच्या नाकाएवढं ठाऊक होतं. आणि माझे सगळे चंद्र पौर्णिमेचे. गच्चीवर आईच्या पांढऱ्या साडीशेजारी उभं राहून बघितलेले, पूर्ण, खिरीच्या वाटीसारखे. दुसरा कुठला चंद्र मला येतच नव्हता.

ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर मी काहीही सांगितलं तरी ती ते खरं मानणार नव्हती. खोटं पकडलं गेल्याचं मला फार वाटत नाही, आयुष्यात अनेकदा पकडले गेलेय. पण त्या रात्री, रात्र कसली, त्या लख्ख उजेडात, मी पहिल्यांदा घाबरले. चौथ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत ही बाई तग धरणार नाही, आणि तिला खायला लावायची माझ्याकडे होती ती एकमेव युक्ती मी नासवली होती.

सकाळी तिने पुन्हा गोळी घेतली. मी हात धरला तर म्हणाली, पोरीला वचन दिलंय. मी म्हटलं, पोरीने गोळी जेवणासकट सांगितली होती. ती म्हणाली, तसं बोलली नव्हती. बोट दुपारी एकला सुटेल असं पाटीवर आलं होतं. आम्ही धक्क्यावरच्या काचेच्या निवाऱ्यात जाऊन बसलो. दवाखाना पलीकडच्या काठावर. मी मनाशी ठरवलं की बोटीतून उतरल्या उतरल्या हिला उचलून डॉक्टरपुढे टाकायचं, मग आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल. पावणेएकला पाटीवरची अक्षरं लाल झाली.

त्याच सुमाराला ती घामाने भिजली. बाहेर आठ अंश थंडी, आणि तिच्या कपाळावरून पाण्याच्या धारा. हात लटपटायला लागले. तिने मला विचारलं दूध वर काढलंस का. मी म्हटलं, कुठलं दूध. ती माझ्यावर चिडली, मला जाऊबाई म्हणाली, आणि मग बोलता बोलता तिची मान माझ्या खांद्यावर पडली. हाक मारली तर डोळे उघडे, पण त्यात ती नव्हती.

निवाऱ्यात आम्ही दोघीच. दुकान बंद. मी एवढी ओरडले की आयुष्यातल्या कुठल्याच नाटकात माझा आवाज तितका लागला नव्हता, आणि वाऱ्याने तो समुद्रात नेऊन टाकला. मग मी तिची पिशवी उपडी केली. स्टीलचा डबा. झाकण हाताने निघेना, दातांनी काढलं. मोदक फोडला, आतलं गूळखोबरं बोटावर घेतलं आणि तिच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. तो मोदक अजून देवाला दाखवलेला नव्हता, हे मला कळत होतं. मी रडत होते आणि शिव्या देत होते. कुणाला, ते आठवत नाही. चार मोदक झाले. कुठेतरी तिसऱ्या-चौथ्यात तिने जीभ हलवली. मग गिळलं. तेवढ्यात खोल्यांची मालकीण आडव्या पावसातून धावत आली. तिने तिच्या खिडकीतून बघितलं होतं. तिने मदतीचा नंबर लावला, फोनवरच्या आवाजाने सांगितलं तसं शेजारणीला बसतं केलं, कपातून फळांचा गोड रस पाजला.

वीस-पंचवीस मिनिटांनी शेजारणीच्या डोळ्यांत शेजारीण परत आली. तिने ओठावरून हात फिरवला. बोटाला खोबरं लागलं.

"मी खाल्लं का गं?"

मालकिणीला मराठी येत नव्हतं. साक्षीदार कुणी नव्हता. मी म्हणू शकले असते की औषध दिलं. बावीस वर्षांत मी तिला हजार थापा मारल्या असतील, ही हजार-एकावी झाली असती. पण आदल्या रात्रीची ती कीव मला पुन्हा बघायची नव्हती.

"तू नाही खाल्लंस. मी भरवलं."

तिने बोटावरचं खोबरं पुसून टाकलं. मग विचारलं, नैवेद्य दाखवला होतास का. मी नाही म्हटलं. तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, तुझ्या देवाला माझं नाव सांग, पत्ता सांग, त्याला काय करायचं ते माझं करू दे. ती ऐकत नव्हती. तिने लेकीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा लावला. फोन मी तिच्या कानाला धरला होता, आणि त्या रिंगच्या प्रत्येक खेपेला मी, जिला यातलं काही पटत नाही, मनात म्हणत होते की उचल, उचल गं बाई. तिसऱ्या वेळी लेकीने उचलला. झोपली होती. वैतागून म्हणाली, आई, जेवलीस का. आईने माझ्याकडे बघत हो म्हटलं.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "मोडलास तू. आता पुरा कर."

मला वाटलं साखर अजून डोक्यात चढलेली नाही. पण ती पूर्ण शुद्धीवर होती. तो उगवेपर्यंत खंड नको, म्हणाली. मी नाही तर तू. मी म्हटलं, अगं, आमच्यात हे नाही, तुझा देव मला ओळखत पण नाही. त्यावर तिने जे उत्तर दिलं ते तिचंच. घरच्या माणसाचं तो एखाद वेळी टाळेल, म्हणाली, परकी बाई दारात उपाशी बसली तर टाळायला लाजेल.

मी अट घातली. मी धरते, पण पोरगी बाळंत होईपर्यंत तू घड्याळावर जेवायचं. गोळी घेतलीस की ताट समोर. तिथी-बिथी काही नाही. ती तयार झाली. तिथेच त्या निवाऱ्यात मालकिणीने आणलेला पाव तिने खाल्ला, रडत, एकेक घास मोजून माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी पाण्याचा घोट घेतला.

बोट संध्याकाळी सुटली. पलीकडे डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळी निम्मी केली आणि मला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. त्या डॉक्टरांचं म्हणणं आणि गुरुजींचं म्हणणं साधारण एकच होतं: तुम्ही इथे आलातच कशाला. लेकीला पोट बिघडलंय असं सांगून मी तिच्या घरी दीड दिवस चहावर काढला. जावयाने माझ्या मानासाठी सुरमईच्या तोडीचा कुठलासा मासा भाजला. त्या वासाने मला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पोटात कावळे कोकलायचे ते दिवस सुखाचे वाटले. त्याच रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. उजेड भरदुपारचा. हातात बिस्किट घेतलं. कुणी बघत नव्हतं, आणि बघणारा कुणी आहे असं मी मानतही नाही. पलीकडच्या खोलीतून पोरीच्या कूस बदलण्याचा आवाज आला. पोट मोठं असलं की बायका कूस बदलताना कण्हतात, तसा. मी बिस्किट पुड्यात परत घातलं. 

चौथ्या दिवशी पहाटे समोरच्या डोंगराने क्षितिज झाकलेलं, म्हणून शेजारणीने मला इमारतीमागच्या टेकाडावर चढवलं. मी दर दहा पावलांना बसत होते. दोन डोंगरांच्या फटीत तो दिसला. फिकट, भिजलेल्या कागदाचा कपटा असावा तसा, एक बाजू चांगलीच गेलेली. तिने आधी नीट बघून खात्री करून घेतली. मग मला हात जोड म्हणाली. मला विहारात जोडतात तसेच जोडता येतात. तसे जोडले, आणि खाली येऊन इतका भात खाल्ला की पोरीने विचारलं, मावशी, पोट बिघडलं होतं ना.

तीन आठवड्यांनी पोरीला कळा सुरू झाल्या. बाळंतपण अवघड गेलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी पहाटेपासून बसलेलो. दार उघडायचं, नर्स यायची, काही न सांगता जायची. एकदा दोन डॉक्टर घाईने आत गेले आणि दार बराच वेळ उघडलं नाही. शेजारणीने आठ वाजता घड्याळ बघितलं, पर्समधून गोळी काढली, डबा उघडला आणि पोळीभाजी खाल्ली. बाराला पुन्हा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी मधे न थांबता खात होती, कारण तिने मला कबूल केलं होतं. डबा पुढे करून तिने मला घे म्हटलं. मी मानेने नको म्हटलं. का, ते तिने विचारलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला आतून बाळाचं रडणं आलं. नात झाली. शेजारीण उठून दाराकडे धावली. मी उठले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुन्हा बाकावर बसले. आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्या दिवशी कुठली तिथी होती, मला माहीत नाही.